बंदुकीचा धक्का मोजावा कसा?

बंदूक उडाली की ती उडवणाराच्या खांद्याला दणका देते, हे ज्याने जन्मात बंदूक हाती धरलेली नाही त्यालाही ऐकून ठाऊक असते. शिकारीच्या गोष्टी सांगणारे गृहस्थ हा दणका दर खेपेला थोडाथोडा वाढवून सांगतात. परंतु तो नेमका किती, असे विचारले की उत्तर येते, "खांदा दोन दिवस दुखत होता!" उत्तर खोटे नाही, मात्र ते बंदुकीविषयी जितके सांगते तितकेच खांद्याविषयीही सांगते. बंदुकीचे तेवढे वेगळे काढून आकड्यात कसे मांडावे, हा आजचा आपला विषय आहे.

हा विषय आमच्या मनात आला तो अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या विज्ञानप्रदर्शनांवरून. तेथे १९५० साली फिलाडेल्फियाला अशा मुलांचे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि तेव्हापासून ही प्रथा त्या देशात चांगली रुजली. तिकडील खेड्यापाड्यांत शिकारीची बंदूक पुष्कळ घरी असते. तेव्हा एखाद्या मुलाला तिचाच धक्का मोजावासा वाटला तर नवल नाही. जाणत्या माणसाची प्रत्यक्ष देखरेख असेल आणि कायदा पाळला जात असेल, तर असा प्रयोग करता येतो. अर्थात प्रयोग व्हायचा तो नेमबाजीच्या मैदानावर. प्रदर्शनात न्यायचे ते आकडे आणि आलेख, बंदूक नव्हे.

आता मुलाच्या मनात पहिली युक्ती कोणती येईल? बंदुकीच्या दस्त्यामागे वजनाचा काटा उभा धरावा, बार काढावा आणि काटा किती सरकला ते वाचावे. युक्ती सरळ दिसते, आणि तेथेच फसगत होते. छर्रे नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे तीन हजारांश एवढाच अवधी लागतो. एवढ्या अवधीत काट्याची स्प्रिंग धड हललेलीही नसते. ती हलते ती पुढे, मागे येणाऱ्या बंदुकीला थांबवताना. मग स्प्रिंग नरम असेल तर आकडा लहान आणि ताठ असेल तर मोठा. बंदूक तीच, काडतूस तेच आणि दोन काट्यांवर दोन उत्तरे! मुलगा बिचारा काट्याचे मोजमाप करून बसतो आणि नाव देतो बंदुकीचे.

म्हणून काय मोजायचे हे आधी ठरवले पाहिजे. न्यूटनच्या नियमाप्रमाणे पुढे जाणाऱ्या वस्तूला जितका संवेग मिळतो तितकाच मागे जाणाऱ्या वस्तूला मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. दस्त्यामागे खांदा असो, भिंत असो की काहीच नसो, काडतुसाने बंदुकीला दिलेला संवेग जवळजवळ तेवढाच राहतो. बंदुकीचा म्हणून काही आकडा सांगायचा तर तो हाच.

थोडा हिशेब करू. बारा बोअरची बंदूक आपल्याकडेही ऐकून माहीत असते. त्यातला 'बारा' म्हणजे, नळीत नेमकी बसेल अशा मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. तिच्या नेहमीच्या एका काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे असतात, आणि छर्रे व दारू यांच्यामध्ये तीनएक ग्रॅमची डाट. ही सर्व मंडळी सेकंदाला सुमारे ३६५ मीटर वेगाने बाहेर पडतात. ०.०३५ किलोग्रॅम गुणिले ३६५, म्हणजे पावणेतेरा. दारू भरते जेमतेम सव्वा ग्रॅम, पण तिचा वायू छर्ऱ्यांच्याही पुढे धावतो, म्हणून त्याचे एकएक धरावे. एकूण झाले सुमारे १४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बंदूक ३.२ किलोग्रॅमची असेल तर ती मोकळी सोडल्यास सेकंदाला ४.४ मीटर वेगाने मागे येईल. धावत्या माणसाच्या वेगाने येणारा हा सव्वातीन किलोचा लाकूडलोखंडाचा तुकडा खांद्याने अडवायचा, तेव्हा शिकारी गृहस्थांची तक्रार अगदीच निराधार नाही.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्ष मोजण्याची रीत मात्र जुनी आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने १७४२ साली तोफशास्त्राच्या नव्या तत्त्वांवर एक पुस्तक लिहिले. त्यात लाकडाचा ठोकळा लंबकासारखा टांगून, त्यावर गोळी झाडून, लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढण्याची कृती त्याने दिली. झोका मोजायला त्याने काय वापरावे? एक फीत! लंबकाला बांधलेली फीत चिमट्यातून ओढली जाई आणि जेवढी बाहेर येई तेवढा झोका. सोप्या गोष्टीने अवघड काम साधण्याची ही हातोटी आम्हांला फार आवडते. त्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर ऑयलरसारख्या थोर गणित्याने केले, यावरून त्याची योग्यता दिसते. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून मद्रासकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

रॉबिन्सने टांगला तो मुख्यतः गोळी झेलणारा ठोकळा. बेंजामिन टॉम्सन, म्हणजे पुढे उष्णतेच्या प्रयोगांमुळे नावाजलेला काउंट रम्फर्ड, याने बंदुकीची नळीच आडवी टांगली आणि तिच्या मागच्या झोक्यावरून हिशेब मांडला. त्याचे ते प्रयोग १७८१ साली रॉयल सोसायटीने छापले. आपल्या मुलालाही हेच करायचे आहे.

टांगायची कशी, हे महाराष्ट्रातल्या माणसाला चित्र काढून दाखवायला नको. आपला घरचा झोपाळा! चार कड्यांवर लोंबणारी फळी पुढेमागे जाते, पण कलंडत नाही. सदैव जमिनीशी समांतर राहते. बंदुकीसाठी हवी ती नेमकी हीच रचना. दोन मीटर लांबीच्या चार तारा, खाली जड चौकट आणि तीवर घट्ट आवळलेली बंदूक. चौकट जड कशासाठी? नुसती बंदूक टांगली तर ४.४ मीटरच्या वेगाने ती जवळजवळ एक मीटर वर चढेल आणि माप घेणे दूरच, जीव वाचवण्याची पाळी येईल. चौकटीसकट वजन ३२ किलोग्रॅम केले की वेग दहापट घटून ०.४४ मीटर होतो. आता सगळे मिळून एकच सेंटिमीटर वर चढते. एक सेंटिमीटर अचूक मोजणे कठीण. पण त्याच वेळी चौकट आडवी सरकते ती तब्बल २० सेंटिमीटर, आणि ते माप फीत लावून शाळेतले पोरही घेईल. त्या मापाला तारेच्या लांबीवरून निघणाऱ्या एका संख्येने भागले की वेग मिळतो. दोन मीटर तारेसाठी ती संख्या ०.४५. वेगाला ३२ ने गुणले की संवेग.

येथे दोन बारीक गोष्टी संभाळाव्या लागतात. नळीची रेषा चौकटीच्या गुरुत्वमध्यातून गेली पाहिजे, नाहीतर चौकट झुलण्याऐवजी डोके वर काढते. खांद्यावरची बंदूक तोंड वर करते ती याच कारणाने, दस्ता नळीच्या रेषेखाली असतो म्हणून. दुसरी गोष्ट चापाची. दूर उभे राहून दोरीने चाप ओढावा हे सुरक्षित खरे, पण दोरीचा हिसका चौकटीलाही बसतो आणि तो धक्क्यात मिसळतो. म्हणून चाप ओढणारी कळ चौकटीवरच बसवावी आणि ती विजेने चालवावी.

खरी परीक्षा यापुढे आहे. समजा, मुलाने दस्त्याला रबराची गादी लावली आणि धक्का किती कमी होतो ते पाहायचे ठरवले. फीत पुन्हा तेवढेच २० सेंटिमीटर दाखवते. मग गादी निरुपयोगी म्हणायची काय? कितीतरी शिकारी ती हौसेने लावतात आणि खांदा कमी दुखतो असे शपथेवर सांगतात. ते खरेच सांगतात. गादी संवेग घटवीत नाही. तो खांद्यात उतरायला जो वेळ लागतो तो वाढवते, त्यामुळे जोर कमी होतो. उंचावरून पडणाऱ्याला फरशीऐवजी गवताची गंजी मिळावी तसे हे आहे. झोपाळ्याला वेळ कळत नाही; त्याला फक्त एकूण देणे कळते. ज्या काट्याला आम्ही आरंभी नावे ठेवली, तो या वेगळ्या प्रश्नासाठी, म्हणजे जोर काळाबरोबर कसा बदलतो हे पाहण्यासाठी, पुष्कळ सुधारलेल्या रूपात परत आणावा लागतो. परीक्षकाने "मग गादी कशाला लावतात?" असे विचारले आणि मुलाला हे सांगता आले, तर त्याला प्रयोग समजला असे आम्ही म्हणू. आणि चौकटीवर नव्हे, नुसत्या बंदुकीचेच वजन दुप्पट केले तर? संवेग तोच, वेग निम्मा आणि खांद्याने गिळायची ऊर्जाही निम्मी. म्हणून हलकी बंदूक खांद्यावर वाहायला बरी आणि उडवायला वाईट.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि या प्रयोगासाठी ती बाळगावी असे आमचे म्हणणेही नाही. किलोभर वजनाची फळी चार दोऱ्यांनी टांगा. तीवर गलोलीचे रबर ताणून दोऱ्याने बांधा आणि पुढे ५० ग्रॅमची लोखंडी गोळी ठेवा. दोरा कापू नका, उदबत्तीने जाळा, म्हणजे हाताचा धक्का लागणार नाही. गोळी सव्वा मीटर उंचीवरून आडवी सुटली आणि अडीच मीटरवर पडली, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर. फळी मागे जायला हवी सुमारे ११ सेंटिमीटर. गोळीचा संवेग एका वाटेने काढला, फळीचा दुसऱ्या. दोन्ही आकडे जवळपास आले पाहिजेत. मागे कोणी उभे राहू नये, पुढे तर नाहीच. दहा वेळा करावे आणि दहाही आकडे लिहावेत, न पटणारा सुद्धा. फळीचा आकडा दर वेळी थोडा कमीच येत असेल, तर फीत चिमट्यात फार आवळली आहे काय ते पाहावे. आणि घरचा झोपाळाच वापरायचा असेल, तर कड्यांना आधी तेल घालावे.