तिथी पाळणारं चिलट

मंडळी, आज एका चिलटाचा पत्ता शोधायचा आहे. दिसायला डासासारखं, पण चावत नाही. मोठं झाल्यावर ते काही खातच नाही. नाव क्लुनिओ मरिनस. राहतं कुठे? पुस्तकी उत्तर असं: युरोपचा अटलांटिक किनारा, स्पेनपासून नॉर्वेपर्यंत. उत्तर खरं आहे, पण अपुरं.

कीटक जमिनीवर सगळीकडे पसरले, गोड्या पाण्यातही गेले. समुद्रात मात्र फार थोडे शिरले. हे त्या थोड्यांपैकी. याच्या अळ्या किनाऱ्याच्या अगदी खालच्या पट्ट्यात, शेवाळात आणि वाळूत वाढतात. हा पट्टा एरवी पाण्याखाली. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, तेव्हा भरती जशी जास्त वर चढते तशी ओहोटीही जास्त खाली उतरते, आणि तेवढ्यापुरता तो उघडा पडतो. अंडी तिथेच घालायची असतात. आणि पंख फुटल्यावरचं आयुष्य किती? काही तास! तेही नराला, मादीला पंखच नसतात. नर तिला कोषातून बाहेर यायला मदत करतो, उचलून नेतो, ती अंडी घालते, आणि पाणी परत येतं. दिवस चुकला तर अंड्यांना जागा नाही.

मग जमतं कसं? आता बघा, एखाद्या ठिकाणी उधाणाची पूर्ण ओहोटी दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच तासाला येते. (कोकणातल्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही.) म्हणजे चंद्रावरून दिवस धरायचा, सूर्यावरून तास. जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिश नॉयमान यांनी १९६०च्या दशकात प्रयोगशाळेत महिन्यातून ४ रात्री मंद उजेड ठेवला. भरती नाही, ओहोटी नाही. तरी चिलटं ठरावीक दिवसांनीच बाहेर पडली. उत्तरेकडे उन्हाळ्याच्या रात्री उजळ, तिथे चांदणं कामाचं नाही. हेल्गोलँड बेटावरच्या अळ्या भरतीच्या पाण्याची खळबळ ओळखतात.

पण ओहोटीचा तास किनाऱ्यागणिक वेगळा असतो. चिलटाचं घड्याळही तसंच वेगळं, आणि ते उपजत. दोन किनाऱ्यांवरच्या चिलटांचा संकर केला, तर संतती मधल्याच वेळी बाहेर येते. म्हणजे दोन्हीकडे अवेळी. आता सांगा, हे चिलट जागेत राहतं की वेळेत? ॲरिस्टॉटलने जागा आणि काळ या दोन्हींचा विचार ‘फिजिक्स’च्या एकाच, चौथ्या भागात केला आहे. मला ते उगाच वाटत नाही.

बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तिथलं क्लुनिओ तिथी पाळत नाही. हंगामात रोज संध्याकाळी ते पाण्यावर येतं, मादी उघड्या पाण्यावर अंडी सोडते, आणि ती आपली तळाशी जातात.