शेती करमुक्त, पण शेतीवरच्या लिखाणाचे काय?

सांगली/सातारा, (प्रतिनिधी) : द्राक्षाची खरड छाटणी केव्हा करावी, आडसाली उसाला खताचे हप्ते कसे द्यावेत, कासच्या पठारावर फुलांचा बहर कधी असतो, अशा विषयांवर ब्लॉग लिहिणारे आणि चित्रफिती तयार करणारे लोक आता सांगली-सातारा जिल्ह्यांत गावोगावी भेटतात. सातारा जिल्ह्याच्या मातीतून आलेली 'गावाकडच्या गोष्टी' ही यूट्यूबवरील मालिका राज्यभर पाहिली गेली. गावात राहूनही इंटरनेटवर कमाई होऊ शकते, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. या कमाईवर प्राप्तिकर कसा लागतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

या भागात एक समज विशेष घट्ट आहे. घरी बागायत असते, सातबारावर नाव असते आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले असते. मग शेतीविषयक लिखाणातून आलेला पैसाही शेतीच्याच रकान्यात दाखवला तर काय बिघडले, असा विचार केला जातो. बिघडते, आणि बरेच बिघडते.

शेती उत्पन्नाची सूट ही जमीन कसण्याशी जोडलेली आहे. शेती म्हणजे नेमके काय, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनयकुमार सहस रॉय यांच्या प्रकरणात केला. नांगरणी, पेरणी, लागवड अशा जमिनीवर प्रत्यक्ष केलेल्या मूलभूत क्रिया असल्याशिवाय शेती होत नाही. केवळ जमिनीशी दूरचा संबंध असून भागत नाही, असे सूत्र त्यातून निघाले. म्हणून द्राक्षे विकून आलेला पैसा शेतीचा. रोपवाटिकेत तयार केलेली उसाची रोपे विकली, तर कायद्याने तेही शेतीचेच उत्पन्न. पण त्याच रोपांविषयी लिहिलेल्या मजकुराशेजारी झळकलेल्या जाहिरातीचा पैसा हे 'व्यवसाय किंवा पेशातील उत्पन्न' ठरते. लिहिणारा हाडाचा शेतकरी असला तरी त्यात फरक पडत नाही.

येथे हिशेबच मांडून पाहू. समजा, तासगाव तालुक्यातील एका बागायतदारास २०२५-२६ या आर्थिक वर्षात द्राक्षातून ७ लाख रुपये निव्वळ उत्पन्न झाले. ब्लॉग व चित्रफितींतून ६ लाख रुपये जमा झाले. त्यासाठी इंटरनेट, संकेतस्थळाचे भाडे, प्रवास, संकलन करणाऱ्याचे मानधन आणि कॅमेरा-संगणकाचा घसारा मिळून दीड लाख खर्च झाला. म्हणजे व्यवसायाचा नफा साडेचार लाख. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. नफा त्याहून अधिक असल्याने आता शेतीचे उत्पन्नही हिशेबात येते. कर लावण्यासाठी नव्हे, तर कराचा दर ठरविण्यासाठी. एकत्रित साडेअकरा लाखांवर कर येतो ५५ हजार. शेतीचे ७ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख अशा ११ लाखांवर येतो ५० हजार. फरक ५ हजारांचा, आणि तोच या बागायतदाराचा कर. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने सवलतीमुळे तोही शून्य होतो. या १२ लाखांत शेतीचे उत्पन्न मोजले जात नाही.

म्हणजे प्रामाणिकपणे दाखवूनही हाती कर शून्यच! तेच साडेचार लाख शेतीत मिसळणाऱ्याने मात्र विनाकारण संकट ओढवून घेतलेले असते. परदेशातून आलेली रक्कम बँकेच्या खातेउताऱ्यावर त्या कंपनीच्या नावानिशी उमटते. देशातील कंपनीने कर कापून पैसे दिले असतील, तर २०२१ पासून उपलब्ध असलेल्या वार्षिक माहिती विवरणात त्याची नोंद दिसते. चुकीची माहिती देऊन करपात्र उत्पन्न दडविल्याचे सिद्ध झाल्यास बुडालेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. चूक साधी असली तरी तो ५० टक्के आहे.

कर शून्य असला तरी विवरणपत्र टळत नाही. सवलत धरण्यापूर्वीचे उत्पन्न ४ लाखांवर गेले की ते भरावेच लागते. उशीर झाल्यास ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १ हजार आणि त्यापुढे ५ हजार रुपये विलंबशुल्क पडते. भरण्यात फायदाही आहे. एखाद्या खत कंपनीने चित्रफितीसाठी ८० हजार रुपये मानधन देताना १० टक्के म्हणजे ८ हजार कापून घेतले असतील, तर ते परत मिळण्याचा मार्ग विवरणपत्रातूनच जातो.

नमुना निवडतानाही आपल्याकडे हमखास गफलत होते. छोट्या व्यावसायिकांना सोपा म्हणून 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ हा नमुना सुचविला जातो. परंतु शेतीचे उत्पन्न ५ हजार रुपयांहून अधिक असेल तर तो चालत नाही. आयटीआर-३ भरावा लागतो. द्राक्ष-ऊसपट्ट्यातील बहुतेक ब्लॉगलेखक या अटीत अडकतात. २०२५ मध्ये आलेल्या विवरणपत्रांत 'सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर' यांच्यासाठी १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक देण्यात आला. त्यामुळे 'इतर' या गोणीत सर्व काही कोंबण्याची गरज उरलेली नाही.

अनुमानित नफ्याच्या योजनांविषयी थोडे सावध राहिलेले बरे. कलम ४४ एडीए नुसार ठराविक पेशांना जमेच्या ५० टक्के नफा दाखवून मोकळे होता येते. कलम ४४ एडी नुसार व्यापाऱ्यास डिजिटल जमेवर ६ टक्के दाखविता येतो. ६ टक्क्यांचा मोह कोणालाही पडेल. पण वस्तूंचे दुवे देऊन मिळणारे कमिशन त्या योजनेत बसत नाही आणि लिखाण हा 'व्यापार' की 'पेशा' हा वाद अंगावर घ्यावा लागतो. खर्चाच्या पावत्या जपून प्रत्यक्ष नफा दाखविणे हाच, आमच्या मते, निर्धोक मार्ग आहे.

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १२ लाख रुपये पगार असलेल्याचे ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर सव्वाअकरा लाख उरतात, कर शून्य. ब्लॉगचे निव्वळ २ लाख त्यात आले की एकूण सव्वातेरा लाख होतात, संपूर्ण सवलत जाते आणि उपकरासह ८१ हजार ९०० रुपये भरावे लागतात. वर्षअखेरीस हा आकडा पाहून डोळे पांढरे होतात! शिवाय कापलेला कर वजा जाता देय कर १० हजारांच्या वर असल्यास जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखेपर्यंत आगाऊ करही भरावयाचा असतो. चुकल्यास व्याज महिन्याला एक टक्का.

पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी ती उत्पन्नच. महाबळेश्वरच्या एखाद्या हॉटेलने लेखाच्या बदल्यात दोन दिवस फुकट ठेवून घेतले, तर त्या मुक्कामाचे मूल्य जमेत धरावे लागते. असे लाभ वर्षात २० हजारांहून अधिक झाल्यास देणाऱ्याने १० टक्के कर कापण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. परीक्षणासाठी आलेला मोबाईल वापरून कंपनीला परत केला, तर तो लाभ ठरत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या वर्षीच्या जून महिन्यातील परिपत्रकात स्पष्ट केले. ठेवून घेतला तर ठरतो.

वस्तू व सेवा कराचा विषय निराळा आहे. वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्यास सहसा नोंदणी लागत नाही. कलमांचे क्रमांकही ध्यानात ठेवावेत. वर दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्यातील असून २०२५-२६ च्या उत्पन्नाला तेच लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी प्राप्तिकर कायदा २०२५ असून त्यात क्रमांक बदलले आहेत. शेती उत्पन्नाची सूट तेथेही कायम आहे.

शेवटी अमेरिकेतील नातलगांविषयी. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे साताऱ्याच्या पाककृती आवडीने पाहतात. त्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या उत्पन्नातून गूगल २०२१ पासून अमेरिकेचा कर कापते. भारत-अमेरिका करारानुसार माहिती भरून दिल्यास तो १५ टक्के असतो. माहितीच न दिल्यास जगभरातील एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. २०२५-२६ च्या उत्पन्नावर कापलेल्या या कराचे श्रेय अर्ज क्रमांक ६७ भरून भारतातील करातून मागता येते. पण येथील कर शून्य असेल तर ती रक्कम गेलीच.