अजिंठा-वेरूळच्या सहलीत मुक्काम कुठे करायचा? स्वस्त खोली महाग कधी पडते?

हॉटेल शोधताना आपण बहुतेक जण ॲप उघडतो आणि 'कमी किंमत आधी' हा पर्याय निवडतो. मुंबई-पुण्यात ते खपून जातं. छत्रपती संभाजीनगरच्या सहलीत मात्र याच सवयीमुळे बजेट कोलमडू शकतं.

कारण साधं आहे. लोक जे बघायला येतात त्यातलं बरंचसं शहरात नाहीच. वेरूळ साधारण ३० किलोमीटरवर, अजिंठा शंभरच्या पुढे आणि लोणार १४० च्या आसपास. तेही तीन वेगवेगळ्या दिशांना. त्यामुळे खोलीचं भाडं हा खर्चाचा एक तुकडा झाला. त्या खोलीपासून लेण्यांपर्यंत जाणं-येणं हा दुसरा, आणि बऱ्याचदा तोच मोठा असतो.

मग मुक्काम ठरवायचा कसा?

आधी वार बघा, मग खोली

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. बुकिंगच्या आधी डोक्यात असायला हवी अशी ही पहिली गोष्ट.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुटी घेणाऱ्यांची हमखास गडबड होते. शनिवारी दुपारी पोहोचायचं, रविवारी जवळचं म्हणून वेरूळ करायचं आणि लांबचा अजिंठा सोमवारी. हा बेत कागदावर छान दिसतो, पण सोमवारी अजिंठ्याला कुलूप असतं. उलटं केलं तर दोन्ही होतं: रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ.

ॲपवर 'रद्द केल्यास पैसे परत नाहीत' असा थोडा स्वस्त दर दिसतो. वार तपासल्याशिवाय तो घेऊ नये. दोनशे रुपये वाचवायला जाऊन एक आख्खी रात्र वाया जाऊ शकते.

वेरूळसाठी शहरात राहिलं तर चालतं?

बिनदिक्कत. शहरातून वेरूळकडे एसटी आणि खासगी गाड्या दिवसभर असतात. वाटेत दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद लागतं.

शिवाय वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. कैलास लेण्यावर चांगला उजेड दुपारनंतर येतो. म्हणजे भल्या पहाटे तिथे पोहोचण्यासाठी वेरूळमध्येच महाग खोली घेण्याची गरज नाही. सकाळच्या गारव्यात दौलताबाद चढायचा आणि दुपारी वेरूळ, हा क्रम पायांनाही बरा आणि फोटोंनाही.

वेरूळ गावात राहायचंच असेल तर लेण्यांजवळ काही हॉटेलं आणि घृष्णेश्वर मंदिराच्या परिसरात भाविकांसाठी राहण्याची सोय आहे. घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्यामुळे श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्रीला इथे आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नये. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीलाही गर्दी असते, शहरातून लोक चालत जातात. त्या दिवशी रस्त्यावर वेळ मोडणार हे धरून चाला.

अजिंठ्याचं गणित वेगळं का आहे?

इथेच सगळ्यात जास्त पैसे इकडचे तिकडे होतात.

शहरातून अजिंठा जाऊन-येऊन २०० किलोमीटरहून जास्त पडतं. समजा, चौघांच्या कुटुंबाला शहरात १,८०० रुपयांची खोली मिळाली आणि लेण्यांजवळ फर्दापूरला २,५०० रुपयांची. वरवर बघता शहरात ७०० रुपये वाचले. पण शहरातून अजिंठ्यासाठी टॅक्सी केली, किलोमीटरला १४ रुपये दर धरला आणि अंतर २१० किलोमीटर, तर २,९४० रुपये तिथेच गेले. चालकाचा भत्ता वेगळा. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, दर हंगामानुसार बदलतात.)

फर्दापूरला मुक्काम असेल तर तिथवर एसटीने जाता येतं. जळगावकडे जाणाऱ्या गाड्या सिल्लोडवरून याच रस्त्याने जातात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत. आजी-आजोबा सोबत असलेल्या कुटुंबाचा प्रवासखर्च यामुळे बराच खाली येतो.

फर्दापूरला राज्य पर्यटन विकास महामंडळाचं, म्हणजे एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे. खासगी पर्याय मोजकेच. संध्याकाळी फिरायला बाजारपेठ वगैरे काही नाही, रात्रीच्या जेवणाचंही आधीच विचारून ठेवलेलं बरं. पण सकाळी लेणी उघडताच आत जाता येतं आणि शहरातून येणाऱ्या गाड्यांची गर्दी होण्याआधी चित्रं शांतपणे बघता येतात. अजिंठ्याची चित्रं अंधाऱ्या दालनांत आहेत, डोळे सरावायला वेळ लागतो. मागून रांग ढकलत असेल तर निम्मी मजा जाते.

एक घोळ मात्र टाळा. 'अजिंठा' हे गाव वेगळं आणि लेणी वेगळी. अजिंठा गाव लेण्यांपासून दहाएक किलोमीटर अलीकडे, घाटाच्या वर आहे. ॲपवर 'अजिंठ्यात हॉटेल' असं दिसलं तर नकाशावर ते गावात आहे की फर्दापूरच्या बाजूला, हे बघूनच पैसे भरा. एसटीतून उतरायचं ते फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला. खासगी गाड्यांनाही तिथेच थांबावं लागतं. पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांसाठीच्या बसने जायचं.

स्वतःची गाडी असेल तर? मग शहरातून पहाटे निघून संध्याकाळी परतणं जमतं. पण परतीचा रस्ता जळगाव-भुसावळकडचा असेल, तर अजिंठा शेवटी ठेवा आणि पुन्हा शहरात येऊच नका. फर्दापूरहून जळगाव साधारण ६० किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनाही हाच मार्ग सोयीचा: जळगावला उतरायचं, अजिंठा बघायचं, मग संभाजीनगर, वेरूळ आणि तिथूनच परत. एकच रस्ता दोनदा तुडवायला लागत नाही.

कमी बजेट: लॉज घेताना काय विचारायचं?

रेल्वे स्टेशन परिसर आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास लॉज भरपूर आहेत. गाडीतून उतरून सामानासह चालत जाता येतं, रिक्षाचे पैसे वाचतात. पहाटेची एसटी पकडायची असेल तर बसस्थानकाजवळचा साधा लॉज लांबच्या चकाचक हॉटेलपेक्षा कामाचा.

खोली बघताना लोक टीव्ही बघतात, वायफाय विचारतात. या शहरात पहिला प्रश्न पाण्याचा हवा. शहरात अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. हॉटेलं टाक्या, बोअर आणि टँकरवर भागवतात. बाथरूमला दिवसभर पाणी असतं का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे फोनवरच विचारा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कूलर की एसी, आणि वीज गेल्यावर जनरेटर आहे का, हेही विचारून घ्या. या दिवसांत एसीचे जास्तीचे पैसे देणं ही चैन म्हणता येणार नाही.

मधलं आणि मोठं बजेट: करात काय दडलंय?

जालना रोड, सिडको, चिकलठाणा या पट्ट्यात मध्यम ते पंचतारांकित हॉटेलं आहेत. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या कंपन्यांमुळे त्यांच्याकडे कामानिमित्त येणारे लोकही बरेच. लग्नसराईत मात्र दर चढतात.

इथे जीएसटीची एक रेषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. आधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के.

म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात फरक दोनशेचा, बिलात जवळपास बाराशेचा. शनिवारी दर थोडा वाढून खोली ही रेषा ओलांडत असेल, तर एक दिवस पुढे-मागे केल्याने बिल बरंच हलकं होतं. एक्स्ट्रा बेडचे पैसेही याच हिशेबात धरले जातात, त्यामुळे चौघांनी एकाच महागड्या खोलीत मावण्यापेक्षा दोन साध्या खोल्या स्वस्त पडू शकतात.

राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात एमटीडीसीच्या निवासांमध्ये महिलांना वर्षातल्या ठरावीक दिवसांसाठी सवलत आहे. मैत्रिणींचा ग्रुप जाणार असेल तर तारखा ठरवण्याआधी एमटीडीसीच्या वेबसाइटवर ते दिवस बघून घ्या.

लोणार जोडायचं का?

जोडायचं असेल तर एक रात्र तिथे काढा. एका दिवसात जाऊन-येऊन २८० किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो आणि सरोवराच्या काठावर जेमतेम फोटोपुरता वेळ उरतो. विवरात उतरायचं तर सकाळची वेळच बरी. तिथेही एमटीडीसीचं निवास आहे, बाकी पर्याय थोडे, म्हणून बुकिंग आधी करा. जालन्याहून जाताना सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, वाटेत करता येतं.

बुकिंग करताना शहराचं नाव कोणतं टाकायचं?

दोन्ही टाकून बघा. केंद्राने २०२३ मध्ये नामांतराला मंजुरी दिली, पण अनेक साइट्सवर हॉटेलं अजून 'औरंगाबाद' नावाखालीच सापडतात. रेल्वे स्टेशनचं नावही २०२५ मध्ये बदललं आणि कोड 'सीपीएसएन' झाला. जुन्या नावाने शोधताना खाली राज्य महाराष्ट्र आहे ना, तेवढं तपासा. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे.

चेक-इनला खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं ओळखपत्र मागतात. आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' काढून न्या. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.