असेंब्ली भाषेचा प्राथमिक अभ्यास : साधनांची निवड

‘असेंब्ली भाषेचे एखादे प्रारंभिक पुस्तक सुचवा,’ असे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. असेंब्ली हे एका भाषेचे नाव नसून भाषावर्गाचे नाव आहे. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरचा आज्ञासंच निराळा असतो; त्या आज्ञा स्मरणसुलभ शब्दांत लिहिण्याची रीत म्हणजे त्याची असेंब्ली भाषा होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक संगणक कार्यान्वित झाला, त्या काळी समोर असेल त्या यंत्राचीच भाषा शिकावयाची असे. आज यंत्रे व पुस्तके विपुल आहेत; म्हणूनच पुस्तकाआधी प्रोसेसर निश्चित करणे अगत्याचे आहे.

आरंभासाठी इंटेलचा १९७६ मधील ८०८५ हा आठ बिटांचा प्रोसेसर अद्यापि उपयुक्त आहे. रमेश गावकर यांचे त्यावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सुपरिचित आहे. ‘एमव्हीआय ए, ०५’ म्हणजे ‘ए रजिस्टरमध्ये ०५ ठेव’. ही आज्ञा स्मृतीत षोडशमान पद्धतीने ‘३ई ०५’ अशी नोंदली जाते. शब्द व अंक यांचा हा संबंध कागदावरही पडताळता येतो. सिम्युलेटर असल्यास प्रत्यक्ष यंत्राची गरज उरत नाही.

दुसरी अडचण पदक्रमाची. आजच्या पुष्कळशा संगणकांतील एक्स-८६ प्रोसेसरची भाषा दोन रीतींनी लिहितात. इंटेल रीतीत आधी गंतव्य, मग उगम. एटी अँड टी रीतीत याच्या उलट. ‘रामाने रावणास मारले’ हे वाक्य उलटसुलट केले तरी विभक्तिप्रत्ययांमुळे अर्थ ढळत नाही. येथे प्रत्यय नाहीत. कोणी कोणास काय दिले, हे स्थानावरूनच ठरते. रजिस्टरच्या नावापूर्वी टक्केचिन्ह दिसल्यास ती रीत एटी अँड टीची समजावी.

ज्यांस इंग्रजी ग्रंथ जड वाटतो, त्यांच्यासाठी विक्रोळीलगत पवईस, आय. आय. टी. मुंबईत सिद्ध झालेले ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे सी भाषेचे मराठी पाठ आहेत. ते ऐकून दोन संख्यांची बेरीज करणारे लहानसे फंक्शन लिहावे आणि जीसीसी या विनामूल्य कंपायलरकडून त्याचे असेंब्ली रूपांतर करून घ्यावे. एकच आशय दोन भाषांत शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा पाठ नाही. मात्र एक्स-८६ वर, निराळी सूचना न दिल्यास, हे रूपांतर एटी अँड टी रीतीचे असते.

इंटेलची नियमपुस्तिका विनामूल्य मिळते, परंतु ती हजारो पृष्ठांची आहे. तिचा उपयोग कोशासारखा करावा. कोश पाठ करून कोणी भाषा शिकत नाही. एक प्रोसेसर, एक पाठ्यपुस्तक व एक असेंब्लर एवढी सामग्री पहिल्या सत्रास पुरेशी आहे. अनेक ठिकाणांहून थोडेथोडे वेचणारा विद्यार्थी लवकरच गोंधळतो आणि आपली बुद्धी कमी पडली असे मानून अभ्यास सोडतो. वस्तुतः त्याच्या हाती दोन व्याकरणे एकत्र आलेली असतात, आणि हे त्यास कोणी सांगितलेले नसते.