मित्राला आवडता अल्बम पाठवला, पण तो ऐकतच नाही? असं का होतं?

"हा अल्बम ऐक, भारी आहे." असा मेसेज आणि खाली एक लिंक. समोरून लगेच अंगठा येतो, किंवा "ऐकतो रे नक्की" असं उत्तर. आठवडा जातो. तुम्ही विचारता, "ऐकलास का?" उत्तर येतं, "अरे हो, पहिलं गाणं ऐकलं. छान आहे."

हा संवाद ओळखीचा वाटतोय? गाणं पाठवणं आज जितकं सोपं आहे तितकं पूर्वी कधीच नव्हतं. तरीही अख्खा अल्बम मित्राच्या कानापर्यंत पोहोचवणं अवघड होऊन बसलंय. याचा सगळा दोष मित्राच्या आळसाला देता येणार नाही. गाणी साठवण्याची, शोधण्याची आणि वाजवण्याची पद्धतच गेल्या काही दशकांत बदलली आहे. हा बदल नेमका काय आहे आणि त्यावर काय करता येईल, हे समजून घेऊया.

'अल्बम' हा शब्द आला कुठून?

फोटोंच्या अल्बमशी गाण्यांच्या अल्बमचं जवळचं नातं आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तीन ते चार मिनिटांचंच संगीत मावायचं. मोठी रचना असेल तर तिच्यासाठी चार-पाच रेकॉर्ड लागायच्या. त्या एकत्र ठेवण्यासाठी कागदी पाकिटं पुस्तकासारखी बांधलेली असत. ते बाड दिसायला फोटोंच्या अल्बमसारखं, म्हणून त्यालाही अल्बमच म्हणू लागले.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने 'लाँग प्लेइंग' म्हणजेच एलपी रेकॉर्ड बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागलं. पाकिटांचं बाड गेलं, पण शब्द टिकला. आता अल्बम म्हणजे सुमारे चाळीस मिनिटं, दोन बाजू आणि कुणीतरी विचार करून लावलेला क्रम.

हा क्रम किती महत्त्वाचा असतो, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी त्यामागची कल्पना. म्हणून सुरुवात अहिर भैरवसारख्या सकाळच्या रागाने होते आणि दिवस पुढे सरकत शेवट पहाडीने होतो. यातला मधलाच एखादा तुकडा ऐकला तर तो गोडच वाटेल, पण दिवस उगवून मावळल्याचं जाणवणार नाही.

मराठीतही अशी उदाहरणं आहेत. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालं आणि पुढे रेकॉर्ड, कॅसेटवरही आलं. त्यातल्या ५६ गीतांचा क्रम म्हणजे रामकथाच आहे. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'मध्ये कवितावाचन आणि गाणी हातात हात घालून येतात. गाणं वेगळं काढलं की त्याच्या आधीची कविता मागे राहते.

कॅसेट देताना नेमकं काय दिलं जायचं?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली. भारतात तिचा खरा सुळसुळाट झाला तो १९८० च्या दशकात. तोपर्यंत रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्हीचं वर्चस्व होतं. स्वस्त कॅसेटमुळे टी-सिरीजसारख्या कंपन्या पुढे आल्या आणि भजनं, लोकगीतं, भावगीतं, स्थानिक गायक असं बरंच काही घरोघरी पोहोचलं.

कॅसेट मित्राला दिली की तिच्याबरोबर न मागताही तीन गोष्टी जायच्या.

पहिली म्हणजे क्रम. पुढचं गाणं शोधायला बटण दाबून अंदाजाने फीत पळवावी लागायची. त्यापेक्षा आहे ते ऐकलेलं बरं, असं म्हणून न आवडणारं गाणंही ऐकलं जायचं. बऱ्याचदा पुढे तेच आवडायला लागायचं.

दुसरी म्हणजे माहिती. आतला घडीचा कागद उलगडला की गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं दिसायची. गाणी ऐकता ऐकता तो कागद वाचला जायचा.

तिसरी म्हणजे परत करण्याची जबाबदारी. "माझी कॅसेट कधी देतोस?" या प्रश्नामुळे ती ऐकावी लागायची आणि परत देताना चार शब्द बोलावेही लागायचे.

कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून देण्याचीही एक मजा होती. साठ मिनिटांच्या कॅसेटला प्रत्येक बाजूला तीस मिनिटं. त्यात काय बसवायचं आणि काय सोडायचं, याचा हिशेब करावा लागायचा. देणाऱ्याचा वेळ गेलाय, हे घेणाऱ्याला कळायचं.

एकत्र ऐकण्याचा विचार तर वॉकमनमध्येही होता. सोनीने १९७९ मध्ये आणलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी एक नाही, दोन जागा होत्या. दोघांनी सोबत ऐकावं, ही त्यामागची कल्पना. गाणं सुरू असताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक वेगळं बटणही दिलेलं होतं.

मग अल्बम सुटा कधी झाला?

आपल्याकडे तो बऱ्याच घरांत एमपीथ्री सीडीबरोबर सुटा झाला. साध्या ऑडिओ सीडीवर साधारण ७४ मिनिटांचं संगीत मावायचं. त्याच आकाराच्या ७०० एमबीच्या सीडीवर एमपीथ्री फाइली टाकल्या की शंभर-सव्वाशे गाणी सहज बसायची. कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं, याची कुणाला फिकीर राहिली नाही. १९९९ मध्ये नॅपस्टरमुळे इंटरनेटवर गाण्यांच्या फाइलींची देवाणघेवाण सुरू झाली. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने एकेक गाणं सुटं विकायला सुरुवात केली.

आजच्या ॲपमध्येही हिशेब गाण्याचाच असतो. उदाहरणार्थ, स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. अल्बम पूर्ण ऐकला की नाही, याला त्या मोजणीत जागा नाही.

यामागे एक तांत्रिक गोष्टही आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय कोड असतो. हा कोड त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगतो, अल्बमची नाही. त्यामुळे एकच गाणं मूळ अल्बममध्ये, गायकाच्या 'सर्वोत्तम गाणी' या संग्रहात आणि पावसाच्या गाण्यांच्या यादीत अशा अनेक ठिकाणी असू शकतं. तुम्ही गाण्याचं नाव टाकून शोधता आणि भलत्याच संग्रहात जाऊन पडता, ते म्हणूनच.

लिंक पाठवली की अडतं कुठे?

अडचणी साध्याच असतात, पण प्रत्येक ठिकाणी थोडा उत्साह गळतो.

तुमचं ॲप वेगळं आणि मित्राचं वेगळं असेल, तर लिंक उघडल्यावर "ॲप डाउनलोड करा" असा फलक दिसतो. मित्र परदेशात असेल तर काही गाणी तिथे वाजतच नाहीत, कारण हक्कांचे करार देशानुसार वेगळे असतात. कधी करार संपतो आणि कालपर्यंत वाजणारं गाणं आज यादीत फिकं पडलेलं दिसतं.

शिवाय शफल सुरू असेल तर क्रम मोडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेल हिचा '३०' हा अल्बम आला. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून ठरवतो, तो तसाच ऐकला जावा, असा तिचा आग्रह होता. त्यानंतर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी साधं 'प्ले' असं केलं. इतक्या मोठ्या गायिकेलाही क्रमासाठी आग्रह धरावा लागला, तर आपला मित्र शफल न तपासता ऐकत असेल यात नवल नाही.

मित्राला आवडला नाही, की त्याने पुरेसा ऐकलाच नाही?

इथे मानसशास्त्रातली एक गोष्ट उपयोगी पडते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर केवळ त्या ओळखीमुळेही ती आवडू लागते. अर्थात याला मर्यादा आहेत. सुरुवातीलाच नावडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आणली तर चीडही येऊ शकते.

तुमचा आवडता अल्बम तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलेला असतो. त्याला परीक्षेच्या रात्री, एसटीचा प्रवास, पहिल्या नोकरीचं भाड्याचं घर असं बरंच काही चिकटलेलं असतं. मित्राला मात्र कोरी गाणी मिळतात, तीही ऑफिसच्या वाटेवर, एका कानात. त्यामुळे "ठीक आहे" हे त्याचं उत्तर तुमच्या आवडीचा अपमान आहे, असं धरून चालू नका.

मग अल्बम पाठवायचा कसा?

एका वेळी एकच पाठवा. पाच लिंक एकदम आल्या की पाचही नंतरसाठी राहतात.

मित्र कुठल्या ॲपवर ऐकतो ते आधी विचारा आणि तिथली लिंक शोधून द्या.

आवृत्ती तपासा. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत कधी जादा गाणी जोडलेली असतात. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या नंतरच्या सीडीत मूळ रेकॉर्डवर नसलेले तुकडे आहेत. ते सलग ऐकले तर पहाडीवर होणारा शेवट शेवट राहत नाही. मूळ अल्बम कुठे संपतो, हे मित्राला सांगा.

लिंकसोबत दोन-चार वाक्यं लिहा. कॅसेटचा कागद जे काम करायचा, ते आता तुम्हाला करायचंय. उदाहरणार्थ : "यात सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमाने राग येतात. रविवारी सकाळी शफल बंद करून पहिल्यापासून ऐक. चाळीसेक मिनिटं लागतील. नाही आवडला तर तसं सांग, राग नाही येणार." किती वेळ लागेल हे आधी कळलं की माणूस तो काढू शकतो.

"कसा वाटला?" असं विचारलं की "मस्त" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी "संतूर आणि बासरीत तुला जास्त काय आवडलं?" असं काहीतरी नेमकं विचारा. त्याचा आवडता अल्बमही मागून घ्या आणि तो खरंच ऐका. देवाणघेवाण एकाच बाजूने चालली की ती शिकवणी वाटू लागते.

जमलं तर एकत्र ऐका. मित्र दुसऱ्या शहरात असेल तर फोन लावून दोघांनी एकाच वेळी 'प्ले' दाबलं तरी पुरतं.

लिंकऐवजी फाइल पाठवली तर चालेल का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी योग्य मर्यादेतल्या वापराला सवलत आहे. पण अख्खा अल्बम ग्रुपवर टाकणं किंवा लोकांना वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. ते हक्कांचं उल्लंघन ठरू शकतं.

"गाणं जुनं आहे, आता हक्क संपले असतील," असंही अनेकांना वाटतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं टिकतो. माडगूळकरांचं निधन १९७७ मध्ये झालं. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे, रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी.

एवढा खटाटोप कशासाठी?

ॲप गाणी सुचवतं ते बरंचसं लोकांनी आधी काय ऐकलं यावरून. जे फारसं ऐकलंच जात नाही, ते वर येण्याची शक्यता कमी. कॅसेटच्या काळात छोट्या कंपन्यांनी काढलेले कितीतरी मराठी अल्बम कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. कुणाच्या तरी माळ्यावर किंवा कपाटात ते पडून आहेत आणि फीत दरवर्षी थोडी खराब होतेय. असा अल्बम आहे, तो ऐकण्यासारखा आहे, हे सांगायला ओळखीचा माणूसच लागतो.

तुमच्याकडे अशी एखादी कॅसेट असेल, तर ती अजून वाजते का ते या आठवड्यात तपासा. वाजत असेल तर मित्राला फोन करून घरी बोलवा. चहा होईपर्यंत पहिली बाजू ऐकून होईल.