लांबीखालचा पत्रा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेली. त्या वेळी काळ्या-पिवळ्या रंगाविषयी, कॅरिअरवरच्या बोजाविषयी, ड्रायव्हरच्या शेजारी दाटीवाटीने केलेल्या प्रवासाविषयी पुष्कळ लिहिले गेले. ज्याने ती गाडी आतून पोखरली त्या गंजाविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. टॅक्सीला वीस वर्षांची कालमर्यादा होती. खाजगी मालकांच्या पडवीत, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या फियाटींना कालमर्यादा घालतो तो गंजच.

इंजिनाचे तसे नसते. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही बोअर करून मिळतो. बुश, पिन, गॅस्केट कुठून तरी जमते, नाही जमले तर लेथवर घडवता येते. बॉडीचे तसे करता येत नाही. म्हणून जुनी गाडी वाचते की भंगारात जाते हे बहुतेक वेळा पत्र्यावर ठरते, आणि आपल्याकडे पत्र्याची दुरुस्ती म्हणजे 'लांबी भरून रंग मारणे' अशी समजूत पक्की बसली आहे. ही समजूत का चुकीची आहे आणि घरच्या आवारात, मर्यादित हत्यारांनी काय करता येते, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे. समोर ठेवली आहे ती १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. गेली काही वर्षे मी तिच्याखाली पाठ टेकून बराच वेळ घालवला आहे.

आधी ही गाडी उभी कशावर असते ते पाहू. जुन्या महिंद्रा जीपला खाली स्वतंत्र चासी असते आणि वरचा पत्रा हा एका अर्थाने अंगरखा असतो. तो फाटला तरी हाडे शाबूत राहतात. इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ पासून मात्र या मालिकेत वेगळी चासी राहिली नाही. पत्र्याच्याच घड्या घालून, त्या एकमेकींना जोडून जो पेटारा तयार होतो तीच चासी. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट बनवली आणि हीच बॉडी पुढे प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे बदलत २००० सालाच्या आसपासपर्यंत चालू राहिली. तिच्यात दरवाजांच्या खाली दोन्ही बाजूंनी पुढून मागे जाणारी पत्र्याची एक पोकळ पेटी असते. गॅरेजात तिला सिल म्हणतात. घराच्या भाषेत सांगायचे तर ती तुळई आहे. ती कुजली की गाडी मधोमध वाकू लागते. दरवाजा उघडताना खाली येतो, बंद करताना उचलून लावावा लागतो. मालकाला वाटते बिजागरी झिजली. पुष्कळदा बिजागरी ठीक असते, खालची तुळई गेलेली असते.

आणि नेमक्या या तुळईवर लांबी भरलेली सापडते. माझ्या गाडीच्या उजव्या सिलवर बोटभर जाडीची लांबी होती, तिच्या आत कोणीतरी वर्तमानपत्राचे बोळे आणि बारीक जाळी कोंबली होती. वरून रंग आरशासारखा. हे काम कोणी, कधी केले ते मला ठाऊक नाही आणि त्याला फारसे महत्त्वही नाही, कारण ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे. उद्यमनगरातल्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडून मी हातोडी-डॉलीचे काम पाहून शिकलो, ते ती लांबी स्क्रू-ड्रायव्हरने टोकरत म्हणाले, "साहेब, लांबी सगळं झाकती. पण पाऊस काय तिचं ऐकत नाही."

पाऊस का ऐकत नाही, याचे उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी गंजाच्या अभ्यासात आयुष्य घालवले. त्यांचा मिठाच्या पाण्याच्या थेंबाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चकचकीत घासलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन सूचक रसायने मिसळलेली असतात: एक लोखंड विरघळू लागले की निळे होते, दुसरे अल्कली तयार झाले की गुलाबी. आपली अपेक्षा अशी, की थेंबाच्या कडेला हवा भरपूर म्हणून लोखंड तिथे खाल्ले जाईल. घडते उलट. निळा रंग मध्यभागी येतो, जिथे हवा सगळ्यात कमी पोचते. कड गुलाबी होते. म्हणजे प्राणवायू कडेला वापरला जातो आणि त्याची किंमत मधले लोखंड देते. मधून निघालेले लोखंडाचे कण आणि कडेचे अल्कली जिथे भेटतात तिथे, दोहोंच्या मध्ये, तांबूस गंजाचे कडे उमटते.

हा थेंब एकदा नीट समजला की गाडीचा गंज वाचता येतो. जिथे गंज दिसतो तिथेच खड्डा खोल असेल असे नाही. ज्या फटीत पाणी शिरते पण वारा शिरत नाही, ती जागा सगळ्यात वाईट. रबरी मॅटच्या आणि नमद्याच्या खालचा फ्लोअर, दोन पत्रे एकमेकांवर बसतात ती शिवण, मडगार्डच्या आतल्या घडीत साचलेला चिखल, समोरच्या काचेच्या रबराखालची खाच, डिकीतला स्टेपनीचा खळगा. आणि लांबीच्या मागची जागा. पॉलिएस्टरच्या लांबीत शंखजिऱ्यासारखी भुकटी असते, ती ओल धरून ठेवते. मागचा पत्रा आरपार कुजलेला असेल तर ओल मागून येते, लांबी ती शोषते आणि वरचा रंग वारा अडवतो. इव्हान्सच्या थेंबाचा मध्य जणू आपण हाताने बांधून देतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी कित्येक पट असते. फटीत तयार झालेला गंज पाचरीसारखा फुगतो, शिवण उकलतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो.

कोकणात आणि मुंबईत यात मीठ मिसळते. मीठ हवेतली ओल ओढून घेते, पाण्याला वीजवाहक बनवते आणि पत्र्यावरचा पातळ संरक्षक थर फोडते. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने चढू लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून खाली क्वचितच येते. म्हणून पत्र्याचे काम दसऱ्यानंतर काढावे. घाटावर माघ-फाल्गुनात घासलेला पत्रा दोन दिवस चकचकीत राहतो. समुद्राकाठी तोच एका रात्रीत पिवळा पडतो.

आता कामाकडे. पहिले काम तपासणीचे. छोटे लोहचुंबक सुती कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवावे. जिथे त्याची पकड सैल होते तिथे लांबी आहे. मग पत्रा बोटाने वाजवावा. कोरा पत्रा खणखणतो, लांबीचा भाग बद्द वाजतो. शेवटी मॅट, नमदा, सीट सगळे काढून जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने शिवणी टोकराव्यात. मन घट्ट करून टोकरावे, कारण जे भोक आज हत्याराने पडते ते उद्या पायाने पडणार असते.

वरवरच्या गंजाला कापाकापी लागत नाही. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट असे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार भंगार लोखंडी पट्टीला जोडली की गंज मऊ होऊन सुटतो आणि चांगले लोखंड खाल्ले जात नाही. हे उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन सुटतो; आणि धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. मोठ्या पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण चालते, गंजाचे लोह-फॉस्फेट होते. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या टिकाऊपणाचा आर. बालसुब्रमण्यम यांनी जो उलगडा केला, त्यात लोखंडातले फॉस्फरस आणि त्यातून बनलेला फॉस्फेटचा थरच मध्यवर्ती आहे. मात्र हे आम्ल शिवणीत राहिले तर तिथे ते पत्राच खात बसते, तेव्हा बंद फटींजवळ ते नको. बाजारातली काही 'रस्ट कन्व्हर्टर' टॅनिनवर चालतात. गंजावर लावताच निळसर काळा थर येतो. हे रसायन आपल्याला अनोळखी नाही. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोहाचे द्रावण लावून काळा रंग काढण्याची आपल्या रंगाऱ्यांची जुनी रीत तीच आहे. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा आणि डबीतले महागडे औषध यांचे हे नाते मला फार गमतीचे वाटते. पण काळा थर म्हणजे नवा पत्रा नव्हे. जिथे टोकरल्यावर हत्यार आत जाते तिथे कुठलेही औषध उपयोगाचे नाही.

तिथे कापावेच लागते. कापण्याआधी बॅटरी सोडावी, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, शेजारी पाण्याची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे. सिल कापायची असेल तर गाडी समपातळीत टेकूंवर घेऊन, दरवाजे जागेवर ठेवून, त्यांच्या भोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर गाडी जशी वाकेल तशीच जोडली जाईल आणि मग कुठलाच दरवाजा लागणार नाही.

ग्राइंडरने गंजाच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर, निखळ पत्र्यात कापावे. इथे कंजुषी केली की वेल्डिंग धरत नाही; पातळ झालेला पत्रा ज्योतीपुढे लोण्यासारखा वितळतो. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. आधी पुठ्ठ्याचा साचा कापावा, तो घड्या घालून जागेवर बसवावा, मगच पत्र्याला हात लावावा. पत्रा सीआर घ्यावा: बाहेरच्या भागाला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, फ्लोअर आणि सिलला १८ गेज, म्हणजे सुमारे १.२. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मोहात पाडतो, पण वेल्डिंग करताना त्याच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. घरच्या बंदिस्त शेडमध्ये तो नकोच.

ठिगळ वर ठेवून जोडायचे की कडेला कड भिडवून, हा खरा वादाचा मुद्दा. वर ठेवणे सोपे. बहुतेक गॅरेजात तेच करतात. पण दोन पत्र्यांमध्ये फट राहते, आणि फटीत काय होते ते वर आलेच आहे. म्हणून दिसणाऱ्या आणि भिजणाऱ्या जागी कड भिडवूनच जोडावे, मग त्याला तिप्पट वेळ लागला तरी चालेल. कारखान्यात जिथे मुळातच पत्र्यावर पत्रा ठेवून टिकल्यांच्या स्पॉट वेल्डिंगने जोडले आहे, तिथे तसेच जोडावे. जुन्या टिकल्या ड्रिलने सोडवाव्यात, नव्या पत्र्याला भोके पाडून ती भरून घ्यावीत, मात्र आत जस्ताचा प्रायमर लावून.

घरी शिकणाऱ्याला मिग वेल्डिंग सोपे, ०.६ किंवा ०.८ ची तार पुरते. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा पलीकडे. दोन टाक्यांमध्ये पत्रा हात लावण्याइतका निवू द्यायचा. एका जागी उष्णता साठली की पत्रा फुगतो, निवताना आक्रसतो आणि सपाट दरवाजावर लाटा उठतात. मिस्त्री अजून गॅस वेल्डिंग करतात. त्यांचा सांधा मऊ राहतो, तो डॉलीवर ठेवून ठोकून सपाट करता येतो. मिगचा सांधा कडक असतो, तो घासावाच लागतो. मी विचारले, "मिस्त्री, एवढं पातळ पत्र्याला गॅस कसा मारता?" ते म्हणाले, "हात हलत राहिला पायजे साहेब. थांबला की भोक." यापुढे त्यांनी काही समजावले नाही, आणि समजावण्यासारखे उरलेही नव्हते.

सांधा घासून झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी त्यानंतर, आणि तीही मिलिमीटर-दोन मिलिमीटर. लांबीशी माझे वैर नाही. निखळ, बंद पत्र्यावरचा उंचसखलपणा भरायला ती उत्तमच आहे. भोक बुजवायला ती नाही, एवढेच.

या सगळ्याला आता कायद्याचीही एक कड आली आहे. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तिथे बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. ज्या गाडीची बॉडी हीच चासी, तिची सिल बदलणे ही दुरुस्ती की फेरबदल? माझ्या मते मूळ घडी, मूळ जाडी आणि मूळ जोडणीच्या जागा राखून घातलेला पत्रा ही दुरुस्तीच आहे. लोखंडी नळी किंवा अँगल घालून केलेले 'मजबुतीकरण' हा फेरबदल, आणि ते बहुधा शेजारचा पत्राही फाडते. हे दाखवता आले पाहिजे म्हणून कापण्याआधीचे, कापल्यानंतरचे, जोडल्यावरचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढावेत. कापलेले तुकडेही मी टाकत नाही. प्रत्येकावर खडूने जागा आणि तारीख लिहून ते पेटीत ठेवले आहेत. त्यातल्या एकावर कुर्ल्याचा मूळ रंग अजून शिल्लक आहे.

राहता राहिली पोकळी. सिल बाहेरून कितीही चांगली केली तरी ती आतूनच कुजते. आत नळीने पातळ मेण फवारावे. जळके इंजिन ऑइल मारण्याची पद्धत स्वस्त आहे, पण त्यात आम्ले असतात, त्याने रबर फुगते आणि ते कातडीलाही वाईट. सिलच्या तळाशी कारखान्याने पाणी निथळायला भोके ठेवलेली असतात. रंगारी ती हमखास बुजवतात. रंग झाल्यावर तारेने ती मोकळी करावीत, आणि पुढे दरवर्षी मृग लागण्याआधी एकदा खाली वाकून, तार घालून, ती उघडी आहेत ना ते पाहावे.