शरद ऋतू कोणत्या दिवशी लागतो?

वर्षेत बस्ती, शरदात विरेचन व रक्तमोक्षण, वसंतात वमन हा क्रम आपण सर्वच वैद्य पाळत आलो आहोत. पंचांगात आश्विन लागला की चिकित्सालयांतून विरेचनाची सिद्धता सुरू होते. परंतु आश्विनातही आभाळ भरलेले, हवा ओलसर आणि रुग्णाचा अग्नी मंद, असा अनुभव आता विरळा राहिलेला नाही. अशा दिवशी स्नेहपानास प्रारंभ करावा काय, हा प्रश्न आम्हांस केवळ चर्चेचा वाटत नाही. त्यात रुग्णाचे बल पणास लागते.

याविषयी नुसत्या अनुभवावर विसंबण्याचे कारण नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. पुण्यातील त्याच्या १९२८ च्या इमारतीस 'शिमला ऑफिस' हे नाव अजूनही चिकटलेले आहे. २०२० मध्ये या खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. केरळातील आगमन १ जूनलाच राहिले. मात्र वायव्य भारतातून परतीचा प्रारंभ १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेला. तेथील परतीची घोषणाही तारीख पाहून होत नाही. सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतील बाष्प पुष्कळ घटणे आणि वातावरणाच्या खालच्या थरांत प्रतिचक्रवात स्थिरावणे, ही लक्षणे जुळावी लागतात. म्हणजे वेधशाळाही लक्षणांवरूनच निदान करते!

आपल्या शास्त्राचे म्हणणे याहून निराळे नाही. अष्टांगसंग्रहात ऋतू ओळखण्याची मास, राशी व स्वरूप अशी तीन लक्षणे सांगून त्यांत उत्तरोत्तर लक्षण बलवान मानले आहे. मास सर्वांत दुर्बल ठरतो, आणि आपण नेमके त्यालाच धरून बसतो. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत वायू, उदक व देश यांच्यासह विकृत काळही गणला आहे.

उष्णतेची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. २०२२ चा मार्च तर १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. मार्च म्हणजे आपल्या वमनाचा काळ. अशा ग्रीष्मसदृश वसंतात दुर्बल वा पित्तप्रकृती रुग्णास, केवळ फाल्गुन-चैत्र आहे म्हणून, वमन देणे आम्हांस उचित वाटत नाही.

वैद्यबंधूंनी शोधनाच्या रुग्णपत्रिकेत तिथीबरोबर त्या दिवसाचे कमाल-किमान तापमान, आर्द्रता व पाऊस यांची नोंद करावी. हे आकडे हवामान खात्याकडून विनामूल्य मिळतात. त्यांच्याच शेजारी वेगांची संख्या व संसर्जनक्रमातील अग्नीची स्थिती लिहावी.